नितळ पाण्यात बास मागं येतो आणि वळून जातो, तेव्हा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही, मला माझी पहिली अशी ट्रिप आठवली म्हणून. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: इतकी वर्षं गढूळ पाण्यातच बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) मारले, आता पहिल्यांदा एका अनोळखी काचेसारख्या तलावावर दोन दिवस काढले, काळी-निळी जिग (वजनदार डोक्याचा हुक), पोपटी स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं आमिष), १७ पाउंडाची (तेवढी ओढ सोसणारी) लाईन, काठाकाठानं कास्टिंग, सगळं नेहमीचं. मासे डोळ्यांना दिसत होते, दोन-तीन तर लूरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या, मागं मागं बोटीपर्यंत आले आणि वळून गेले, लागला एकही नाही. पुढच्या महिन्यात परत जायचंय, काय बदलू?

आधी हे सांगतो की मासे मागं आले ही चांगली बातमी आहे. जागा अगदीच चुकलेली नव्हती, मासा खायच्या बेतात होता, शेवटच्या क्षणी काहीतरी खटकलं एवढंच. गढूळ पाण्यात बासला लूर नीट दिसते तेव्हा ती त्याच्या तोंडापासून फूट-दीड फुटावर असते, त्याआधी तिची नुसती थरथर त्याला अंगाच्या कडेच्या रेषेतून जाणवत असते, त्यामुळं खायचं की नाही हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. नितळ पाण्यात तोच मासा तीच लूर २० फुटांवरून बघतो. बघत बघत येतो, मागून बघतो, खालून बघतो, लाईन बघतो, आणि वर तुम्ही पण दिसता. लोक म्हणतात नितळ पाण्यातला बास हुशार असतो, मला ते पटत नाही, मासा तोच आहे, त्याला विचार करायला वेळ जास्त मिळतो इतकंच. म्हणून तुम्ही जे काही बदलाल ते दोनपैकी एका कारणासाठी बदला, एकतर त्याचा वेळ हिरावून घ्यायचा, नाहीतर त्याला हवा तेवढा वेळ देऊन खटकण्यासारखं काहीच ठेवायचं नाही. तुमची ती पोपटी स्पिनरबेट मध्यम स्पीडनं जाड लाईनवर आली, म्हणजे दोन्हीच्या बरोबर मध्ये, तिथं मार खाल्लात.

आता अनोळखी तलावावर पोचल्यावर पहिलं काम. रॉड काढायच्या आधी एक पांढरी लूर घ्या आणि बोटीच्या सावलीच्या बाजूनं सरळ खाली सोडा, किती फुटांवर दिसेनाशी होते ते मोजा. शास्त्रज्ञ यासाठी पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी वापरतात, १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं सुरू केलेली पद्धत आहे, आपल्याला पांढरी लूर पुरते. तुमच्या नेहमीच्या पाण्यात हा आकडा दीड-दोन फूट असेल. इथं १२ आला, १५ आला, तर तुमचा सगळा नकाशाच बदलतो, कारण जितका उजेड खोल जातो तितकं गवत खोल उगवतं, आणि जिथं गवताची बाहेरची कड तिथं मासा. गढूळ तलावात गवत ५-६ फुटांवर संपतं, इथं ते १५ किंवा २० फुटांपर्यंत असू शकतं आणि तुम्ही काठावरच्या ३ फुटांत जिग टाकत बसलेले असता. माझा ढोबळ हिशोब असा की दिवसा, ऊन असताना, पांढरी लूर जिथं दिसेनाशी झाली त्या खोलीपासून सुरुवात करायची आणि खाली दुपटीपर्यंत बघत जायचं. हा कायदा नाही, सुरुवातीचा अंदाज आहे, पहाटे, संध्याकाळी आणि अंड्यांच्या हंगामात मासे उथळ येतातच.

दुसरं, नितळ पाण्यात बास तळाला किंवा झाडाला चिकटूनच असेल असं धरू नका. मध्येच लटकलेले असतात, खाली ६० फूट पाणी आणि मासा २५ फुटांवर. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या लेक लॅनियरवर स्पॉटेड बास (बासची एक जात) उन्हाळ्यात २०-३० फुटांवरच्या बुडालेल्या झाडाझुडपांच्या शेंड्यांवर असे उभे असतात आणि वर हेरिंग माशांचा थवा दिसला की तिथून थेट पृष्ठभागावर येतात. गढूळ पाण्याच्या माणसाला हे पटतच नाही, की २५ फुटांवरचा मासा टॉपवॉटरला (पृष्ठभागावर चालणाऱ्या लूरला) वर येईल. येतो. त्याला दिसतंय ना! उलट त्याच्या खाली गेलेली लूर त्याला फारशी दिसत नाही, बासचे डोळे वर आणि समोर बघायला बनलेत, त्यामुळं मासा २५ फुटांवर असेल तर तुमची लूर २० वर चालली पाहिजे, ३० वर नाही. माझी पहिली दोन वर्षं इथंच वाया गेली, मी इमानदारीनं तळ खरवडत होतो आणि मासे माझ्या लूरच्या १० फूट वर फिरत होते.

कुठल्या जातीचा बास आहे तेही बघा. लार्जमाउथ नितळ पाण्यातसुद्धा शक्यतो आडोसा सोडत नाही, गवताची कड, जेटीखालची सावली, उभ्या कड्याची सावलीची बाजू. आणि सावली म्हणजे सावलीच्या आत, उजेड-अंधाराच्या रेषेपासून हातभर आत, तिथून त्याला उजेडातलं सगळं दिसतं आणि तो कुणाला दिसत नाही. स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड मात्र भटके, आज पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या या टोकावर, उद्या तिथं नाहीत. टेनेसी-केंटकीच्या सीमेवरचं डेल हॉलो हे असंच खोल नितळ जलाशय, स्मॉलमाउथचा जागतिक विक्रम, ११ पाउंड १५ औंस, १९५५ पासून तिथलाच आहे. त्याच भागात हिवाळ्यात एक मजेशीर पद्धत चालते, फ्लोटखाली १०-१२ फूट पातळ लाईन आणि तिला टोकाला केसांची किंवा पिसांची इवलीशी जिग, लाटेनं फ्लोट हलेल तेवढीच हालचाल. थंडीत मध्येच लटकलेल्या स्मॉलमाउथला कित्येक मिनिटं तोंडासमोर काहीतरी खरं वाटणारं ठेवायचं, बस. वेळ द्यायचा तो असा.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट, लांब राहा. लूर, लाईन, रंग सगळं त्याच्यानंतर. माशाला पाण्याबाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या सुळक्यातून, त्याच्या बाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. मासा जितका खोल तितकी ही खिडकी मोठी, १० फुटांवरच्या माशाची खिडकी २२-२३ फूट रुंद असते. गढूळ पाण्यात ही खिडकी असून नसल्यासारखी, मधल्या पाण्यातून काही दिसतच नाही. नितळ आणि शांत पाण्यात तो खाली बसून तुमची टोपी बघतो. खिडकीच्या काठापासून साधारण १० अंशांच्या खालच्या गोष्टी मात्र इतक्या चेपल्या जातात की त्याला नीट कळत नाहीत, म्हणजे काठापासून ४० फुटांवर ७ फूट उंचीपर्यंतचं जवळजवळ झाकलं जातं. बोटीवर उभं राहिलेल्या माणसाचं डोकं सहज ८ फुटांवर असतं. म्हणून एकतर आणखी लांबून टाका किंवा खाली बसा. काठावरून मारत असाल तर मागं झाड-झुडूप असू द्या, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं राहू नका, आणि तुमची सावली पाण्यावर कुठं पडतेय ते बघा. इलेक्ट्रिक मोटर चालू-बंद, चालू-बंद करण्यापेक्षा एका मंद स्पीडवर चालू राहिलेली परवडते, मासे सततच्या आवाजाला सरावतात, अचानक सुरू झालेल्याला दचकतात. डेकवर पक्कड पडली तर... तुम्हाला माहितीय.

लांब टाकायचं म्हणजे पातळ लाईन लागते, आणि पातळ लाईनचा फायदा लोक समजतात त्याहून वेगळा आहे. फ्लोरोकार्बनची लाईन पाण्यात अदृश्य होते वगैरे जाहिरात आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणजे कमी दिसते हे खरं, दिसत नाही हे खोटं. मुद्दा जाडीचा आहे. १५-१७ पाउंडाची लाईन ०.३५ मिलिमीटरच्या आसपास, ६ पाउंडाची ०.२ च्या आसपास, आणि छोट्या हलक्या लूरला जाड लाईन बांधली की ती दोरीला बांधलेल्या बोकडासारखी चालते, मोकळी हलतच नाही. ते माशाला खटकतं, लाईनच्या दिसण्यापेक्षा जास्त. मी मेन लाईन १० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाईन) ठेवतो आणि पुढं ६ ते ८ पाउंड फ्लोरोचा लीडर (लूरकडचा शेवटचा तुकडा), १० फूट तरी, मला १५ आवडतो. एफजी गाठ जमत असेल तर उत्तम, नाहीतर डबल युनी, आणि घट्ट ओढायच्या आधी थुंकी लावून ओली करा, फ्लोरो कोरडी ओढली की जळते आणि नेमकी मोठ्या माशाला तुटते. टॉपवॉटरला मात्र फ्लोरो नको, ती बुडते आणि लूरचं नाक खाली ओढते, तिथं नायलॉनचा लीडर.

आणि हो, ६ पाउंडावर तुमच्या जिगच्या सवयीनं हुकसेट (हुक रुतवायचा झटका) मारू नका!! मी मारला होता, एकाच सकाळी तीन मासे असेच घालवले. पातळ तारेचा हुक आपोआप शिरतो, ढील संपेपर्यंत रील फिरवायची आणि रॉड बाजूला ओढत न्यायची, झालं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की रील लाईन सोडते तो ताण, लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे इथं दीड-दोन पाउंड, सैल वाटेल, वाटू द्या.

आता वेळ द्यायच्या पद्धतींत पहिला नंबर ड्रॉप शॉट. ही जपानमधून आली, तिथल्या नितळ आणि सतत मासेमारी होणाऱ्या तलावांवरून, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या जलाशयांवर पसरली, म्हणजे नेमक्या तुमच्याच अडचणीसाठी जन्मलेली आहे. वजन खाली, हुक त्याच्या फूट-दीड फूट वर. पाव औंस वजन १५-२५ फुटांना पुरतं, वारा असेल तर वाढवा. हुक १ किंवा २ नंबर, पॅलोमर गाठ बांधा आणि उरलेलं टोक हुकच्या डोळ्यातून अणीच्या बाजूनं परत खाली ओवा, म्हणजे हुक लाईनला काटकोनात, अणी वर ठेवून उभा राहतो. ४ इंचाच्या आतलं पातळ सॉफ्ट प्लास्टिक नाकाला टोचायचं. आणि मग, इथं सगळे चुकतात, हलवायचं नाही. सगळे व्हिडिओ बघून रॉडचं टोक थरथरवत बसतात. वजन तळाला टेकलेलं, लाईन किंचित ताठ-सैल-ताठ, बाकी हालचाल पाणीच करतं. ठोका कधी कधी जाणवतच नाही, नुसतं जड लागतं.

नेड रिग पण ठेवा, कॅन्ससच्या एका नेड नावाच्या लेखकावरून नाव पडलंय. गोल चपट्या टोकाची छोटी जिग, दशांश ते षष्ठांश औंस, तिच्यावर पावणेतीन इंचाचा बोथट प्लास्टिकचा तुकडा. दिसायला सिगारेटचं थोटूक. गढूळ पाण्यातल्या माणसाला ती हातात घ्यायलाच लाज वाटते, मलाही वाटली होती. तळाला पोचली की शेपटी वर करून उभी राहते आणि बास ती चुपचाप उचलतो. जितकी हलकी चालेल तितकी हलकी ठेवा, वजन वाढवलं की मजाच जाते.

पण फक्त बारीक आणि हळू म्हणजे नितळ पाणी असं समजू नका, हा दुसरा गैरसमज. दुसरी बाजू, वेळ हिरावून घ्यायची, तीच मला जास्त आवडते. तुमची स्पिनरबेट फेकू नका, पोपटी स्कर्ट काढून पांढरट-पारदर्शक लावा, गोल पाती काढून लांबट विलो पानं लावा, आणि मग पृष्ठभागाच्या फूटभर खालून जमेल तितक्या जोरात ओढा. खरंच जोरात, हात दुखेपर्यंत. स्मॉलमाउथ १५ फुटांवरून तिला कापायला येतो, कारण पळणारी गोष्ट दिसली आणि आत्ता नाही तर कधीच नाही. हे वारा असेल तेव्हा. वारा नितळ पाण्यातला तुमचा सगळ्यात मोठा मित्र आहे, पृष्ठभाग चुरगळतो, माशाची ती खिडकी फुटलेल्या काचेसारखी होते, उजेड कमी होतो, छोटे मासे वाऱ्याच्या बाजूच्या काठाला ढकलले जातात. सगळे लोक शांत आडोशाला जातात, तुम्ही लाटा आपटत असलेल्या टोकाला जा, बोट सांभाळता येईल तितपत अर्थात. तुमचे ते दोन दिवस शांत आणि कडक उन्हाचे होते का? मला वाटतं होतेच.

जर्कबेट, म्हणजे झटके देत चालवायची माशासारखी कडक लूर, दोन्हींच्या मधली. झटका, झटका, थांबा. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर थांबा म्हणजे दहा-पंधरा सेकंद, मोजून, आपले पाच सेकंद नेहमी दोनच असतात. पाणी गरम झालं की जेमतेम एक-दोन सेकंद. पाण्यात न तरंगणारी न बुडणारी, जागेवर लटकणारी घ्या, आणि लाटा नसतील तर खुळखुळ्याशिवायची.

आकाराचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या कास्टेइक, कासिटास अशा नितळ जलाशयांत रेनबो ट्राउट सोडायचे, तिथले बास ते खाऊन राक्षसासारखे वाढले, आणि त्यांना पकडायला लोकांनी ८-१० इंचांचे ट्राउटसारखे स्विमबेट बनवले. नितळ पाण्यातच ते चालले, कारण मासा लांबून बघू शकतो आणि बघून त्याला ते खरं वाटतं. म्हणजे प्रश्न लहान-मोठ्याचा नाही, तिथल्या माशाच्या रोजच्या जेवणासारखं दिसतंय का याचा आहे.

रंगावर लोक फार डोकं खपवतात, मी दोन वाक्यांत संपवतो. तळाला ग्रीन पम्पकिन (हिरवट तपकिरी), मध्ये आणि वर धुरकट, अर्धपारदर्शक, हलकी चमक असलेलं काहीतरी. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, त्यामुळं २५ फुटांवर लाल ठिपके बघून खूश होणारे आपणच.

मासा मागं आला आणि बोटीजवळ वळायला लागला तर काय करायचं? थांबवू नका. आपला हात आपोआप थांबतो, बघत बसतो, आणि पळता पळता अचानक उभा राहिलेला छोटा मासा त्यानं आयुष्यात पाहिलेला नसतो. वेग वाढवा किंवा दिशा बदला. तरी वळला, तर दुसरा रॉड तयार ठेवा, ड्रॉप शॉट किंवा नुसता वजनाशिवायचा मऊ प्लास्टिकचा किडा, आणि तो जिकडं गेला त्याच्या पुढं ६-८ फूट टाकून बुडू द्या. त्याच्या डोक्यावर नाही. मागं आलेला मासा चिडलेला असतो, पुढची दोनेक मिनिटं तो खाऊ शकतो. तेवढ्यात नाही झालं तर ती जागा लक्षात ठेवा आणि संध्याकाळी उजेड उतरल्यावर परत या, मला असे परत आल्यावर बरेच मिळालेत. काही नितळ तलावांवर तर भर उन्हाळ्यात लोक रात्रीच जातात, तेव्हा तुमची काळी लूर बरोबर चालते.

खोल मासेमारीची एक जबाबदारी आहे, ती गढूळ उथळ पाण्यात तुमच्यावर कधी आलेली नसेल. बासची हवेची पिशवी घशाला जोडलेली नसते, २५-३० फुटांच्या खालून वर ओढला की ती फुगते आणि सोडलेला मासा उलटा तरंगत राहतो. फोटो काढत बसू नका, लगेच सोडा, लाईव्हवेलमध्ये (बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीत) तासभर ठेवणं तर नकोच. तोंडातून काही बाहेर आलेलं दिसलं तर ते ढकलू किंवा टोचू नका, वजन लावून खोल नेऊन सोडायचं क्लिप मिळतं ते वापरा. आणि ३५-४० फुटांवर मासे लागायला लागले की मी तरी तिथून उठतो, पकडून सोडायचं म्हणायचं आणि मारायचं, हे बरं नाही वाटत.

अजून एक. पाणी नितळ का आहे तेही विचारा. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्सच्या भागात १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले, नंतर पसरले, हे शिंपले पाणी गाळत राहतात आणि पाणी स्वच्छ होतं, पण त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. अशा तलावात दर चार-पाच कास्टनंतर लीडरचं शेवटचं फूटभर बोटांनी तपासा, खरखरीत लागलं की कापून परत बांधा. आणि घरी जाताना बोटीतलं सगळं पाणी काढून ती धुऊन वाळवल्याशिवाय तुमच्या नेहमीच्या तलावात घालू नका, त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत.

परत जाल तेव्हाचा पहिला दिवस मी असा घालवीन. पहाटे खोल पाण्याला लागून असलेल्या टोकांवर टॉपवॉटर, लांबून. ऊन चढलं की पांढऱ्या लूरनं खोली मोजायची, गवताची बाहेरची कड शोधायची, तिथं आणि जेटींच्या सावलीत ड्रॉप शॉट, नेड. वारा सुटला की सगळं सोडून वाऱ्याच्या टोकाला स्पिनरबेट. आणि यातलं काहीच जमलं नाही तर तलावाला जिथून ओढा किंवा नदी येऊन मिळते त्या वरच्या टोकाला जा. नितळ जलाशयांतही ते टोक बरेचदा थोडं मातकट असतं, पाऊस पडून गेल्यावर तर हमखास, आणि तिथले मासे तुमच्या ओळखीच्या माशांसारखेच उथळ पाण्यात खोडांना चिकटून बसलेले असतात. त्यामुळं काळी-निळी जिग आणि १७ पाउंडाच्या लाईनचा रॉड घरी ठेवू नका, फक्त सकाळी सकाळी हातात घेऊ नका.